देवांच्या कोनाड्याखालचा पाइप

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. बाबांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. आई होती तोवर तीच त्यांचं तोंड धुवायची. ती गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. मी ओला पंचा घेऊन गेलो की बाबा डोळे गच्च मिटून घ्यायचे. सुनेला तर जवळ येऊ देत नव्हते. मोरीत वाकणं त्यांना जमत नव्हतं. उभ्यानं हात पोचला असता तर डाव्या हातानं त्यांचं त्यांना धुता आलं असतं. मला तेवढंच करून द्यायचं होतं.

शाळा मी दुसरीत सोडली, पण मुंबईच्या गोदीत पाइप जोडलेत. माणूस बोलावणार नव्हतो. मुंबईहून एक जुनं बेसिन लाँचनं रेवस बंदराला आणलं, तिथून बैलगाडीत पेंढ्यात घालून घरी. बाबांच्या खाटेजवळ भिंतीला बसवलं. वर पत्र्याची टाकी, तिला तोटी.

अडलं ते पाणी बाहेर काढताना. मोरी त्याच भिंतीच्या पलीकडे, पण भोक पाडायचं तर देवांच्या कोनाड्याखालीच.

"चूळ भरलेलं पाणी देवांखालनं न्हेतोस?" बाबा म्हणाले. "मी हाय तवर न्हाय."

"मग देव हलवतो."

"तुझ्या आईनं मांडलेत ते. हात लावून तर बघ."

मीही त्यांचाच मुलगा. अख्ख्या खोलीला वळसा घालून पाइप मोरीच्या कोपऱ्यात नेला. सुतळी गुंडाळून, सफेदा लावून सांधे आवळले. पण एवढ्या लांबीत ढाळच उरला नाही. पाणी बेसिनमध्ये तसंच उभं.

"मुंबईत पाणी चढाला शिकवतात काय रं?"

मी बेसिन वर उचलून बसवलं. आता पाणी गेलं, पण बेसिन बाबांच्या हनुवटीला आलं, तोटी डोक्याच्याही वर. हात तेवढा वर त्यांना धरवेना. पुन्हा मीच तोंड धुवायला लागलो.

मग एका सकाळी माझी बायको आंघोळ करून ताम्हण घेऊन आली. कुणाला विचारलं नाही. एकेक देव ताम्हणात घेतला आणि समोरच्या भिंतीतल्या फडताळात मांडला. बाबा खाटेवरून बघत होते. मला वाटलं, आता ओरडतील.

"बाळकृष्ण डावीकडं," ते म्हणाले. "ती डावीकडं ठेवायची."

तिनं मूर्ती सरकवली. मी छिन्नी घेतली. भिंत जांभ्याची होती. दुपारपर्यंत भोक आरपार झालं. बेसिन खाली घेतलं, पाइप सरळ मोरीत सोडला.

संध्याकाळी बाबा भिंतीला खांदा टेकवून उभे राहिले. डाव्या हातानं तोंडावर पाणी मारलं. निम्मं छातीवर सांडलं, उरलेलं मोरीत गेलं. मी पुढे झालो.

"थांब तिथंच," ते म्हणाले.

थांबलो. मला बरं वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. आई गेल्यापासून तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा मोरीत पाणी पडत होतं. मी पडून राहिलो. आवाज थांबल्यावर उठलो आणि गुरं सोडायला गेलो.