मेणात घोळवलेला कापूस

दिघीच्या माळावर आम्हां कंपनीच्या पहारेकऱ्यांना बंदूक शिकवणारा तो म्हातारा फौजी प्रत्येकाच्या कानात स्वतः बोळे बसवायचा. "नुसता कापूस कामाचा न्हाई, राव. मेणात घोळवून घाला."

त्याचे कान मात्र उघडेच. समोर जाऊन खुणेनं विचारलं, तर म्हणाला, "माझं जायचं ते गेलं. बायकोला वाटतं, मी रागात हाय. वाटू दे. रागीट बरा, बहिरा नको."

एकदा ती डबा घेऊन आली. त्याच्या पाठीमागे थांबून "अहो" म्हणाली. पुन्हा म्हणाली. चारचौघांत पुढं कशी येणार? तो बंदूक पुसत राहिला. डबा ठेवून, डोळ्यांना पदर लावून ती गेली.

कानांत बोळे असूनही तिची हाक आम्हां सगळ्यांना ऐकू आली होती. खरं सांगायला एकाचंही तोंड उघडलं नाही.