खिळ्यावरच्या बांगड्या

विमलला एखादं काम अगदी नकोसं असलं, की ती आधी हातातल्या बांगड्या काढायची आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची. ती इस्पितळात आया होती. बांगडीने रोग्याच्या कातडीला ओरखडा येतो म्हणून ड्यूटीवर बांगड्या चालत नसत. तिथली सवय घरी आली. पोळ्या लाटताना, गाणी म्हणताना, शेजारणीशी भांडताना बांगड्या हातात वाजायच्या. खिळ्याला लटकलेल्या दिसल्या की मी समजायचो, बाईसाहेब आज देवाचं ऐकायला निघाल्यात, माझं काही ऐकणार नाहीत.

विमल माझी बायको. गेल्या हिवाळ्यात गेली. आमची मंडळी, म्हणजे दिल्लीतले मराठी ख्रिस्ती लोक, एक छोटा अंक काढतात. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "साळवे, विमलताईंवर लिहा. विषय आहे, विजयी ख्रिस्ती जीवन." मी चौथी शिकलेला फिटर. म्हटलं, लिहीन, पण माझा राग कापायचा नाही. ते म्हणाले, "बघू." म्हणजे कापणार. मी तरी लिहिणार.

आम्ही दोघं नगर जिल्ह्यातले. लग्नानंतर फरीदाबादला आलो. तिथल्या कारखान्यात मला चिकटवला तो मोहित्याने. मोहिते आमच्या प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायच्या विभागाचा, सुपरवायझर, कोल्हापूरकडचा. परक्या मुलखात आपली भाषा बोलणारा माणूस भेटला, की त्याला किती पटकन भाऊ म्हणतो आपण! दिवाळीला त्याच्याकडचा चिवडा आमच्याकडे, नाताळाला आमच्या करंज्या त्याच्याकडे. सतरा वर्षं असं चाललं.

मग सरकारचं ते नवं आर्थिक धोरण आलं. मोठाल्या खोक्यांतून परदेशी मशिनी आल्या आणि मालकांना माणसं जड झाली. तीन नंबरच्या प्रेसचं बेअरिंग आवाज करत होतं. मी मोहित्याला तीनदा सांगितलं, "साहेब, बंद करा, बेअरिंग गेलंय." तो म्हणाला, "चालू दे यार, आज माल जायचाय." चौथ्या दिवशी शाफ्ट तुटला. आणि मोहित्याने कागदावर लिहून दिलं की साळवेने मुद्दाम मशीन मोडलं. खाली सही केली. त्या सहीने माझी नोकरी गेली. गेटवर मला चोरासारखं तपासलं, जेवणाचा डबा उघडून बघितला. डब्यात काय असणार? विमलने दिलेली मेथीची भाजी. मोहिते वर खिडकीत उभा होता. मी वर बघितलं तर त्याने मान फिरवली.

आज त्या कारखान्याच्या जागी काचेची इमारत आहे. आत गार हवा, सरकते जिने. दारातला गार्ड मला विचारतो, "बाबा, किधर?" अरे, तू उभा आहेस तिथे माझा प्रेस होता. पण हे कोणाला सांगायचं?

मी रस्त्याकडेला कूलर दुरुस्त करायला बसलो. विमल डबल ड्यूटी करू लागली. पायांना सूज यायची, बसमध्ये उभ्याने झोपायची. दोन वर्षांनी मालकांनी मोहित्यालाही काढला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी जिलबी आणली. विमलने हात लावला नाही. म्हणाली, "तुम्हीच खा. तुमचा सण आहे." सगळी मला एकट्याला खावी लागली आणि रात्रभर पोट दुखलं.

पुढे मोहित्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलाने नव्या सेक्टरमध्ये लिफ्टवाला फ्लॅट घेतला होता, तिथे पडून होता. मुलगा आणि सून सकाळी गुडगावला जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. घरात मोहितेवहिनी एकट्या, त्यांचे गुडघे गेलेले. एक दिवस भाजीच्या गाडीपाशी त्या विमलला भेटल्या आणि तिथेच रडायला लागल्या. नवऱ्याच्या पाठीवर पडून पडून लाल चट्टे उठले होते. त्याला कुशीवर वळवायला माणूस ठेवला की तो आठवड्यात पळायचा.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर बांगड्या खिळ्याला.

ती परत आल्यावर मी दारातच विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"मोहितेसाहेबांकडे. पाठ बघून आले. आजपासून रोज तीन वेळा जाणार आहे. ड्यूटीच्या आधी, ड्यूटीनंतर आणि झोपायच्या आधी."

"त्या माणसाच्या पाठीला तू हात लावलास? ज्याने माझ्या पाठीत सुरा घातला?"

"हो."

"मला विचारायचंस तरी!"

"वैऱ्याचं बरं करा असं प्रभूने सांगितलं, तेव्हा तुमची सही घेतली होती का?"

असं बोलायची. मी दोन दिवस जेवलो नाही. तिने दोन्ही दिवस ताट वाढलं आणि दोन्ही दिवस स्वतः दोन्ही ताटं संपवली. म्हणाली, "अन्न टाकायचं नसतं."

पण तिला ते सोपं होतं असं कोणी समजू नका. म्हणून तर मला या अंकातल्या गोड गोड लेखांचा राग येतो. पहिल्या दिवशी ती मोरीत बसून रडली होती. मी बाहेरून ऐकलं. विचारलं तर म्हणाली, "त्याचं तोंड बघवत नाही मला. गेटवर तुमचा डबा उघडला, तेच दिसतं."

"मग जाऊ नकोस!"

"मला वाटतंय म्हणून नाही जात. सांगितलंय म्हणून जाते."

"आणि मनात प्रेम नसताना केलेलं देवाला चालतं?"

"प्रेम येईल तेव्हा येईल. ते आणणं त्याचं काम. आपले हात तर आपल्याकडेच आहेत ना? हात आधी जातो, अहो. मन मागून येतं, लंगडत."

रोग्याला वळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाठीखाली एक आडवी चादर घडी करून घालायची, आणि माणसाला न ओढता ती चादर धरून उचलायचं. ओढलं की कातडी सोलते. चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. तिने हे सगळं वहिनींना आणि सुनेला शिकवलं. दोन दोन तासांनी वळवायचं, मधल्या वेळा त्यांच्या. सुनेने एकदा नाक मुरडलं तर म्हणाली, "बेटा, ऑफिसमध्ये खुर्चीत तू दर पाच मिनिटांनी हलतेस. त्यांना हलता येत नाही, एवढाच फरक आहे." मोहिते तिला बघून रडायचा. ती वॉर्डातल्या आवाजात दटावायची, "मोहितेसाहेब, रडू नका. उशी ओली होते, मग मला बदलावी लागते."

मला मात्र वेगळाच संताप. आता हा माणूस माफीसुद्धा मागू शकत नव्हता! वाचाच गेलेली. सोयीचंच झालं की.

आमची उपासना रविवारी दुपारी दिल्लीत आर. के. पुरमला, एका सरकारी क्वार्टरमध्ये भरायची. दोन बस बदलून जायचो. त्या वर्षांत सगळ्यांचंच काही ना काही नवं येत होतं. साक्ष द्यायला उठले की एक म्हणायचा, प्रभूने नवी गाडी दिली, विजय दिला. दुसरा म्हणायचा, दिल्लीतल्या द्वारकेला फ्लॅट लागला, विजय दिला. टाळ्या, आमेन. एका रविवारी विमल उठली. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला गाडी मिळाली नाही. या आठवड्यात मी एका माणसाला एकवीस वेळा कुशीवर वळवलं. त्यातल्या चार वेळा मनातल्या मनात शिव्या दिल्या. मागच्या आठवड्यात नऊ होत्या. प्रभूची स्तुती असो." आणि बसली. कोणी आमेन म्हणेना. मला हसू आलं आणि लाजही वाटली. बसमध्ये मी म्हटलं, "शिव्यांचं कशाला सांगितलंस?" ती म्हणाली, "विजय मोजायचा तर हार पण सांगायला नको?"

सहा वर्षं ती गेली. ऊन, धुकं, काही बघितलं नाही. रिटायर झाल्यावरही गेली. माझी तिच्याशी धुसफूस तिसऱ्या वर्षी संपली. मोहित्यावरचा राग संपला नाही.

मग तिलाच पोटाचा कॅन्सर निघाला. मोहित्याचं सगळं वहिनी आणि सून बघू लागल्या. अंथरुणाला लागली तेव्हा तिने पडल्या पडल्या मला शिकवलं. मी एवढा फिटर, टनाचं मशीन जागेवर बसवणारा, आणि चाळीस किलोची बाई मला वळवता येईना. "ओढू नका! उचला. मी काय प्रेसचा दांडा आहे?" दुखत असताना हसायची. रोज माझ्याकडून पाठ बघून घ्यायची. लाल दिसलं तर अंगठ्याने दाबायचं. दाबल्यावर पांढरं झालं आणि मग पुन्हा लाल झालं, तर वेळ हातात आहे. पांढरं झालं नाही, तर आतून बिघडायला लागलंय.

एकदा म्हणाली, "मी नसताना मोहितेसाहेबांकडे जाल?"

"नाही."

"बरं. विचारून ठेवलं."

दुसऱ्यांदा विचारलं नाही. तेवढाच तिचा जुलूम.

शेवटचे नऊ दिवस तिला इस्पितळात ठेवावं लागलं. कुठल्या ते लिहीत नाही. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नव्हते. भेटायची वेळ एक तास. मी हात जोडले, "सिस्टर, तिला दोन तासांनी वळवा हो." त्या म्हणाल्या, "बाबा, चालीस पेशंट हैं, मैं अकेली." त्याही बाईचा काय दोष? पण मग दोष कोणाचा? पाचव्या दिवशी मी भेटीच्या तासात तिला वळवलं. माकडहाडाशी लाल होतं. अंगठ्याने दाबलं. पांढरं झालं नाही.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. म्हणाली, "असू दे. तुम्ही नीट उचललंत."

अंत्यविधीला पाळकसाहेब म्हणाले, "आमची बहीण विमल विजयी होऊन गेली." मी उठून उभा राहिलो. भर उपासनेत. म्हटलं, "कशात विजयी? मला सांगा. जिने परक्या माणसाची, वैऱ्याची पाठ सहा वर्षं जपली, तिच्या पाठीला जखम होती. मी स्वतः धुतली ती. कुठला विजय झाला?" कोणीतरी माझा कोट ओढून मला बसवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना लांबवली. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी या अंकात द्यावं.

बाहेर मोहितेवहिनी उभ्या होत्या. म्हणाल्या, "साळवे भावजी, एकदा येऊन ह्यांची पाठ बघून जा." मी तोंड फिरवलं. खिडकीतल्या मोहित्याने फिरवलं होतं, अगदी तसंच. हे मला घरी आल्यावर आठवलं, आणि त्याचाही राग आला.

पंधरा दिवस मी घरात बसून होतो. बांगड्या खिळ्यालाच होत्या. इस्पितळात नेताना तिनेच काढून माझ्याकडून अडकवून घेतल्या होत्या. मरण हेही तिला नकोसंच काम होतं. अंकातली माणसं लिहितात तशी ती हसत हसत गेली नाही. घाबरली होती, आणि तरी बांगड्या काढून निघाली.

मग वहिनींचा निरोप आला. सून माहेरी गेली होती, वहिनींचं मनगट मुरगळलं होतं, आणि मोहित्याच्या माकडहाडाशी लाल दिसत होतं.

मी देवाशी भांडलो. मोठ्याने. म्हटलं, तिची पाठ तू राखली नाहीस आणि ह्याची मी राखू? शेजारच्या सरदारजींनी भिंतीपलीकडून विचारलं, "सब ठीक है, साळवे जी?" म्हटलं, काही ठीक नाही. मी उत्तराची वाट बघितली. चहा केला, प्यायलो. मग मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिळ्याला, बांगड्यांच्या शेजारी अडकवलं.

मला बघताच मोहित्याने धड असलेला डावा हात वर करून तोंडावर धरला. त्याला वाटलं असणार, मारायला आलो. सतरा वर्षांचा घरोबा, आणि वीस वर्षांनी समोरासमोर आलो ते असे. मी म्हटलं, "घाबरू नका, मोहितेसाहेब. ओढणार नाही. उचलणार."

चादर धरून वळवला. सदरा वर केला. सहा वर्षांहून जास्त पडून असलेल्या माणसाची पाठ, आणि ओरखडासुद्धा नाही. न्हाऊ घातलेल्या लेकरासारखी पाठ. खाली एवढासा लाल ठिपका. अंगठ्याने दाबलं. पांढरं झालं. मग पुन्हा लाल.

वेळ हातात होता. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो आणि रडलो. पलीकडे तोंड करून मोहिते रडत होता. वहिनी गोंधळून दारात उभ्या. शेवटी मीच म्हटलं, "बास. उशी ओली होते."

आता दिवसातून तीनदा जातो. शिव्या देतो, मनातल्या मनात. त्या कमी होत नाहीत, हे पाळकसाहेबांनी छापावं. माफ केलं का, हे मला कोणी विचारू नये. मन मागे आहे, लंगडतंय की बसलंय ते माहीत नाही.

मोहित्याच्या पाठीला अजून जखम नाही.