बिडीबंद मोटार

पाटण चार कोसांवर असताना मोटारीनं दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. मागं जाऊन मी भट्टीचं झाकण उघडलं. आत नुसती राख.

लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं. आमची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. पाठीला उंच भट्टी बांधलेली. तिच्यात कोळसा धुमसत ठेवायचा, त्याचा गॅस नळीतून इंजिनात जायचा. वाटेत कोळसा घालणं ड्रायव्हरचं काम. मी उंब्रजला त्यासाठीच उतरलो, कोळशाच्या पोत्यावर बसून राहिलो आणि तसाच परत येऊन गाडी हाकली. तेव्हा माझं असंच चाले. धाकटा भाऊ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, दिवाळीपासून पत्र नाही. अन्न गोड लागेना, कुणाशी बोलावंसं वाटेना. त्यात खोकल्यापायी डॉक्टरांनी बिडी बंद केलेली.

तलफ येऊ नये म्हणून मी अक्कल लढवली होती. "गॅस पेट घेईल," अशी भीती घालून सगळ्यांच्या काडीपेट्या साताऱ्याच्या स्टँडवर काढून घेतल्या. माझीही तिथंच ठेवली.

अडीअडचणीचा कोळसा टपावर होता, पण आता भट्टी कशानं पेटवायची?

"काडी हाय का रं?" मी कंडक्टरला विचारलं.

"तुमीच काढून घेतली की वस्ताद!"

दिवस कलला. प्रवासी चिडले. शेवटी रजेवर आलेल्या एका शिपायानं ओशाळून पायमोज्यातून पेटी काढली. आत तीन काड्या. दोन वाऱ्यानं विझवल्या.

"काडी टिकायची न्हाई," शिपाई म्हणाला. "बिडीचा इस्तू टिकतोय. त्यावर चिंधी धरून फुकू. मी कांबळ्याचा आडोसा धरतो, तुमी वढा."

त्यानं बिडी माझ्यापुढं धरली. कामासाठीच तर ओढायची, कोण नावं ठेवणार? एका झुरक्यानं छातीवरचा धोंडा घटकाभर हलला असता. पण ही एक ओढली की मागून अख्खं बंडल येणार, हेही ठाऊक होतं.

"मला देऊ नका," मी कसंबसं म्हणालो. "सोडलीया मी."

"म्हंजी ते गॅसचं?" शिपायानं विचारलं.

"थाप."

मग एक म्हातारी पुढं आली. "आदी बोलायचं न्हाई व्हय रं, मुडद्या? आन हिकडं. जल्मभर मिश्री लावतीया, बिडी काय खाती मला?"

शेवटच्या काडीवर तिनं बिडी शिलगावली. खोकली, मला शिव्या दिल्या, पुन्हा ओढली. चिंधी पेटली. कंडक्टरनं भट्टीचा पंखा फिरवला आणि बऱ्याच वेळानं इंजिन सुरू झालं.

पाटणला मालकांनी उशिराबद्दल झापलं. भावाचं पत्र नव्हतंच. तलफ तर दुप्पट झाली. पण ओढणार कशी? तोवर माझी गोष्ट सगळ्या स्टँडवर झाली होती. चहावाल्यापासून हमालापर्यंत जो तो माझ्या तोंडाकडं बघत होता. बिडी सोडणाऱ्यानं लोकांच्या काडीपेट्या जप्त करू नयेत. लोकांना सांगून टाकावं. पुढची राखण ते फुकटात करतात.