राखीव खेळाडूचं वजन

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचायचे आणि प्रत्येकाला मनातल्या मनात कारण शोधून द्यायचे. पांढरी आकृती दिसली — मोतीबिंदू. पावलं वाजली — वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. अंगारे-धुपारे आमच्या घरात कधी झाले नाहीत. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. पाण्याच्या टँकरपासून लिफ्टच्या दुरुस्तीपर्यंत सगळ्याची यादी करून फ्रिजवर लावणारी बाई. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. तरी लिहिते, कारण दुसरं काय करावं ते सुचत नाही.

आम्ही कोथरूडला राहतो, चौथ्या मजल्यावर. घरात तीन माणसं. मी, माझे यजमान अविनाश — वय छप्पन्न, विम्याच्या ऑफिसात नोकरी — आणि आमची मुलगी सई. सई मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, बरेचदा घरूनच काम करते. तेव्हा तिच्याकडे कबड्डीचा गेम होता. खेळाडूची उंची किंवा वजन बदललं की त्याचा खेळ कसा बदलायचा, हे ठरवणं तिचं काम. वजन वाढलं की ताकद वाढते, पकड घट्ट होते, पण वेग आणि दम कमी होतो. वजन उतरलं की बरोबर उलटं.

चाचणीसाठी तिला खऱ्या शरीरांची मापं हवी होती. तिने बाबांना भिंतीला टेकवून उभं केलं, टेप लावली, मग काट्यावर चढवलं. पाच फूट सात इंच, अठ्ठ्याहत्तर किलो. अविनाश एकदम खूश. शाळेत जाडे म्हणून त्यांना कुणी चढाईला पाठवायचं नाही, पकडीसाठी कोपऱ्यात उभं करायचे.

"आता तरी पळव मला," ते म्हणाले.

"वजनाच्या मानाने पळवीन, बाबा. उगाच पळवलं तर माझा जॉब जाईल."

असे तयार केलेले खेळाडू घेऊन कॉम्प्युटर दिवसभर आपोआप सामने खेळवतो. सई नुसते निकाल तपासते. आठवडाभराने नाश्त्याला तिने मला विचारलं, "आई, तू बाबांचं वजन बदललंस का गेममध्ये?"

"तुझ्या लॅपटॉपला मी धूळ पुसायलासुद्धा हात लावत नाही."

तिने स्क्रीन दाखवली. पंच्याहत्तर किलो. ताकद उतरलेली, वेग वाढलेला. तिने पुन्हा अठ्ठ्याहत्तर केले. दुसऱ्या दिवशी चौऱ्याहत्तर. बाकीच्या खेळाडूंच्या आकड्यांना धक्का नाही. तिच्या टीमने दोन-तीनदा सगळं तपासलं, चूक कुठेच सापडली नाही. मी अविनाशना काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तरच. आम्ही तिघंही हसलो, आणि विषय संपला.

मग त्यांची पँट ढिली व्हायला लागली.

काटा म्हणाला, पंच्याहत्तर. मला वाटलं, काटा बिघडला. मी स्वतः उभी राहिले, माझं वजन होतं तेवढंच. चौकातल्या केमिस्टकडे जाऊन पाहिलं, तिथेही तोच आकडा. मग मी कारणं शोधायला घेतली, एकेक करून. साखर — नॉर्मल. थायरॉइड — नॉर्मल. सोनोग्राफी, छातीचा फोटो, पोटाची दुर्बीण — सगळं व्यवस्थित. जेवण तर वाढलेलं. चार पोळ्या आणि वर भात. डॉक्टर म्हणाले, "अहो, लोक यासाठी पैसे मोजतात. एन्जॉय करा." शेजारचे गोडबोले लिफ्टमध्ये मला म्हणाले, "वहिनी, सेक्रेटरी झाल्यापासून स्वयंपाक बंद केलात वाटतं."

मी हसले नाही. कारण तोवर मला क्रम कळला होता. आकडा आधी गेममध्ये उतरायचा, आणि दोन-चार दिवसांनी आमच्या काट्यावर. कधीच उलट नाही.

सईने वजन वाढवून पाहिलं. पुढच्या सामन्यानंतर ते पुन्हा खाली, आणि आधीपेक्षा थोडं जास्तच. गेममध्ये सहासष्ट झाले तेव्हा तिने त्यांना खेळवणंच बंद केलं. राखीव खेळाडूंत बसवलं, बाकावर. आणि आकडा थांबला. आमचा काटाही सहासष्टवर येऊन थांबला. योगायोग म्हणा. मी बरेच दिवस म्हटलं.

चाचणीचे खेळाडू गेम बाजारात येण्याआधी पुसून टाकतात. एका रविवारी दुपारी सईने यादीतून बाबांना काढलं. तिने आम्हाला सांगितलंही नव्हतं. ती तिच्या खोलीत होती, आम्ही दोघं डायनिंग टेबलाशी मटार सोलत होतो. अविनाश बोलता बोलता थांबले.

"मेधा, जरा धर मला."

मी त्यांचा दंड धरला. हाताला शर्ट लागत होता, दंडही लागत होता, पण भार लागत नव्हता... रिकामी पिशवी उचलावी तसं. मी सईला हाक मारली. ती दारात आली, आमच्याकडे पाहिलं आणि आत पळाली. कीबोर्डचा आवाज ऐकू आला. हातात हळूहळू वजन परत आलं.

"ॲसिडिटी असेल," अविनाश म्हणाले आणि पुन्हा शेंगा घेतल्या.

त्यानंतर पुसायचं नाव सईने काढलं नाही. काढू शकत नव्हती. वरिष्ठांना काहीतरी सांगून तिने तो खेळाडू गेममध्येच ठेवला. नाव बदललं, चेहरा बदलला, एका दुय्यम संघात अगदी शेवटच्या बाकावर बसवला. तिचा हिशोब असा, की त्या संघातून कोण खेळणार, आणि खेळलंच तर राखीवाला कोण उतरवणार.

गेम बाजारात आला. चालला. खूप चालला.

महिन्याभरात खेळणाऱ्यांनीच एकमेकांना सांगायला सुरुवात केली. सईने मला एक मेसेज वाचून दाखवला : "त्या टीमचा शेवटचा सब्स्टिट्यूट घ्या, सेकंड हाफला उतरवा. अंगात ताकद नाही, पण कुणाला सापडतच नाही." खाली शेकडो लोकांनी आभार मानले होते. तिने ऑफिसात सांगून पाहिलं, की हा खेळाडू फार वेगवान झालाय, खेळ बिघडतोय, त्याला बाकावर बांधून ठेवू या. ते म्हणाले, लोकांचा लाडका आहे, हात लावायचा नाही.

आज सकाळी काटा अठ्ठावन्न दाखवत होता.

"गेममध्ये वजन कुठवर खाली जाऊ शकतं?" मी सईला विचारलं.

"पन्नास. त्याच्या खाली आम्ही आकडाच ठेवलेला नाही."

"मग पन्नासला काय होतं?"

"माहीत नाही, आई. तिथपर्यंत कुणी गेलेलं नाही."

डॉक्टर बदलले, तपासण्या पुन्हा झाल्या, पुन्हा सगळं नॉर्मल. माझ्याकडे याचं कारण नाही. सईकडेही नाही, आणि तिचं तर तेच काम आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. मी सगळं करून पाहायला तयार आहे. फक्त 'पुसून टाका' म्हणू नका.

सर्वांत वाईट हे, की अविनाश आनंदात आहेत. परवा सकाळी आम्ही टेकडीवर गेलो. चढावर ते पुढे गेले, मग आणखी पुढे, पाठीवर वारा घेऊन. मी दोनदा हाक मारली तेव्हा थांबले. मी धापा टाकत पोचले. त्यांना दमही लागला नव्हता.

"किती हलकं वाटतंय गं," ते म्हणाले.

मी त्यांचं मनगट धरलं आणि घरी येईपर्यंत सोडलं नाही. रस्त्यात लोक बघत होते. गोडबोलेही भेटले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पुण्यात भर रस्त्यात मी कधी नवऱ्याचा हात धरला नव्हता. आता दोन्ही हातांनी धरते.