बापाची नऊवारी

आमच्या दिग्दर्शकाच्या मुलाखती हल्ली मोबाइल उघडला की समोर येतात. मनमाडच्या रेल्वेतल्या कारकुनाचा मुलगा, रोज गाडीने अप-डाऊन करून नाशिकला नाटकं बसवायचा, मग मुंबई, मग सिनेमे, मग पुरस्कार. यातलं काही खोटं नाही. गाडी चुकली की नाशिक रोडच्या बाकावर बसून एकांकिका लिहायचा, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मुलाखतीच्या शेवटी तो दाढी कुरवाळत म्हणतो, 'मी माणसांकडून घेतलं.' घेतलं म्हणे! विचारून घेतलं होतंस का मेल्या?

त्याच्याकडे मी सहा वर्षं कामं केली. पंचवटीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी चालायच्या. तालीम सुरू होण्याआधी आम्हाला गोल बसवायचा आणि विचारायचा, "आज कोण गाठोडं सोडणार?" म्हणजे घरातली कुणाला न सांगितलेली गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची. कुणी रडलं की तो डोळे मिटून मान डोलवायचा, आणि घरी जाऊन वहीत लिहून ठेवायचा. सहा वर्षांत त्याने स्वतःचं गाठोडं एकदाही सोडलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही, एवढे आम्ही शहाणे.

एकदा मी सोडलं. मखमलाबादच्या पुढे आमचा झेंडूचा मळा. आई मी चौथीत असताना गेली. घरात दुसरी बाई नाही. सातवीत शाळेच्या गॅदरिंगच्या नाचाला नऊवारी लागणार होती, आणि ती नेसवणार कोण? शेजारणीला सांगायला वडिलांना लाज वाटायची. एक दिवस शाळेतून लवकर आले तर आतल्या खोलीचं दार लोटलेलं. फटीतून बघते तर वडील आईची हिरवी नऊवारी नेसून उभे. अंगात सदरा, डोक्यावर टोपी, आणि तळहाताएवढ्या आरशात बघून निऱ्या मोजत होते. काष्टा जमला होता, निऱ्या सुटत होत्या. मला बघून ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ये आत. आता नीट बघ, परत दाखवणार नाय." त्या गॅदरिंगला माझ्यासारखी चापूनचोपून नऊवारी कुणाची नव्हती.

हे सांगताना मी रडले. त्यानेही डोळे पुसले. आणि पुढच्या महिन्यात त्याच्या नव्या नाटकात तो प्रसंग आला. विनोदी प्रसंग! बाप साडी नेसतो, निऱ्या सुटतात, पाय अडकून पडतो, शेजारीण आत येते. वर आयडिया अशी की बापाचं काम बाईने करायचं. मीच. मिशी लावून.

मी म्हटलं, "सर, आमच्याकडे असं झालं नव्हतं."

"अगं, म्हणून तर नाटक," तो म्हणाला. "तुझे वडील यात नाहीतच. हा जगातला बाप आहे."

नाकाने कांदे सोलायची त्याची जुनीच सवय. मी ऐकलं. खोटं कशाला बोलू, काम मोठं होतं आणि मला ते हवं होतं. त्याने मला हशा घ्यायला शिकवलं. हशा आला की जागेवर थांबायचं, पुढचं वाक्य त्यात बुडवायचं नाही, हशा उतरणीला लागला की मग बोलायचं. मला ते चटकन जमलं.

नाटकाच्या प्रत्येक प्रयोगाला रंगदेवतेच्या पूजेचे हार आमच्या मळ्यातून यायचे. सरांचा आदेश, 'घरचीच फुलं असताना विकत कशाला?' दुसऱ्याच्या जिवावर उदार! वडील पहाटे फुलं तोडून, हार ओवून स्वतः पाठवायचे. नाटक कशावर आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.

स्पर्धेच्या प्रयोगाला मी त्यांना बोलावलं. का बोलावलं? त्यांच्यासमोर टाळ्या हव्या होत्या, दुसरं काय! ते धुतलेले कपडे घालून तिसऱ्या रांगेत बसले. तो प्रसंग आला आणि थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. मला अभिनयाचं पदक मिळालं. वडील भेटायला आत आले आणि एवढंच म्हणाले, "फुलं पुरली का?" त्यानंतर माझ्या एकाही नाटकाला ते आले नाहीत. फुलं मात्र पाठवत राहिले. ती आली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे तो मुंबईला गेला, मी नाटक सोडलं. बरीच वर्षं गेली. मागच्या वर्षी त्याच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. "ताई, सर त्या नाटकावर सिनेमा करताहेत. ती ओरिजिनल साडी मिळेल का? सरांना तसाच हिरवा हवाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शूटिंग दिंडोरीकडे एका बंगल्यात चाललं होतं. मी तशीच गेले आणि युनिटसमोर त्याला सुनावलं. नाटक थिएटरात बसलेल्यांनीच पाहिलं होतं. सिनेमा म्हणजे उद्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा माझ्या बापाला मोबाइलवर बघून खिदळणार. तो सीन काढा, म्हटलं. नाहीतर माझ्याइतकी वाईट कुणी नाही.

तो शांतपणे चहा पीत होता. म्हणाला, "वडील नको म्हणाले तर कापतो. चल, आत्ताच विचारू." वाटेत शाल-श्रीफळ घेतलं. लबाड कुठला.

वडील आता ऐंशीच्या घरात. ओट्यावर हार ओवत बसले होते. त्याने शाल घातली, पाया पडला, कला, बापाचं प्रेम, अजरामर, असं बरंच बोलला. वडिलांनी सुई थांबवली नाही. मी म्हटलं, "बाबा, नको म्हणा. तुमच्या एका शब्दावर आहे सगळं."

वडील त्याच्याकडे बघून म्हणाले, "ठेवा नायतर काढा. मला काय त्याचं? लोक हसले त्याचं मला काय नाय, साहेब. लोक हसायलाच येत्यात. तुमी परके, तुमाला काय माहीत. पण ही थांबली. लोकांचं हसून होईस्तोवर माझी पोर तिथं उभी ऱ्हायली."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी आत जाऊन पाणी प्यायले. बाहेर आले तर तो हलकट वही काढून बसला होता. डोळे चमकत होते.

"बाबा," तो म्हणाला, "हे वाक्य मी घेऊ का?"

"न्या," वडील म्हणाले. "आजवर कुठं विचारलं हुतं."

सिनेमा आला. शब्दाला जागला म्हणायचं का? साडीचा विनोदी सीन त्याने काढला. आता त्यात बाप मुलीला नऊवारी नेसायला शिकवतो, जसं झालं तसंच. पुढे ती मुलगी नटी होते आणि त्याच गोष्टीवर स्टेजवर हशे घेते, दिसतात ते फक्त हसणारे लोक. शेवटी वडिलांचं ते वाक्य आहे, सगळं, शब्दन् शब्द. नाशिकच्या थिएटरात माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती. मग माझं काम करणारी नटी म्हाताऱ्याच्या पायाशी बसते आणि म्हणते, "बाबा, चुकलं माझं."

अख्ख्या सिनेमात तेवढंच त्याने मनचं घातलंय. मी तसं म्हटलेलं नाही. रोज त्यांना ताट वाढते, समोर बसून जेवते, आणि अजून म्हटलेलं नाही.