म्युरिअलमावशीचा नकार

म्युरिअल हॅडफील्ड ही माझी सख्खी मावशी नव्हे. इंग्लंडच्या उत्तरेला फायली गावात, समुद्रावरच्या टेकाडावर, कॅराव्हॅनचं, म्हणजे गाडीमागे ओढून आणायच्या चाकांवरच्या घरांचं मैदान आहे, तिथे तिची जागा आणि आमची जागा कुंपणाला लागून, एवढंच नातं. पण एकमेकांची पातेली, छत्र्या आणि कुत्री सांभाळली की इथे माणूस आपोआप मावशी होतो.

आयुष्यभर तिने ओल्डम गावच्या शाळेत मुलांना जेवण वाढलं. कस्टर्ड संपलंय असं तिच्या तोंडून कुठल्याच पोराने कधी ऐकलं नाही. भांडं खरवडायची, स्वतःच्या वाटीतलं द्यायची, पण ‘नाही’ म्हणायची नाही. तिच्याकडे त्याऐवजी दुसरे शब्द होते. ‘बघू हं’ म्हणजे नाही. ‘छानच की’ म्हणजे नाही. आणि ‘कल्पना वाईट नाही’ म्हणजे माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही. आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही, दात येतात तसं येतं.

तिचा नवरा नॉर्मन गेला, तेव्हा मागे उरली जुनी कॅराव्हॅन आणि दोन कुत्री. मेजर हा लॅब्रेडॉर, सोफ्यासारखा आणि सोफ्याइतकाच हलणारा. पिकल ही टेरियर, म्हणजे चार पायांवरचं भांडण. या दोघांसमोर ‘फिरायला’ हा शब्द काढायची सोय नव्हती. नॉर्मन मग अक्षरं फोडून सांगायचा, “म्युरिअल, जेवण झालं की फला पहिली वेलांटी...” महिन्याभरात ‘फला’ म्हटलं की मेजर पट्टा तोंडात घेऊन उभा. शेवटी नॉर्मनने नाव बदललं. फिरायला जाणं म्हणजे ‘बँकेत जाणं’. कुत्र्यांनी तेही पाठ केलं. त्यामुळे खऱ्या बँकेत जायचं तर मावशीला डोळ्यांनी खुणावावं लागे, आणि शेजाऱ्यांना वाटे, घरात काहीतरी भानगड आहे.

नॉर्मनशिवायच्या पहिल्या उन्हाळ्यात ती येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण एका दुपारी फाटकातून तिची गाडी आत आली, मागे कॅराव्हॅन, आणि पुढच्या काचेत पिकलचे दात.

आता गाडीने मागे ढकलत कॅराव्हॅन जागेवर लावणं हा आमच्या मैदानावरचा मोठा नाट्यप्रयोग. सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन बसतात, चहा ओततात, आणि बघत नसल्याचा अभिनय करतात. चाक डावीकडे वळवलं की मागचं धूड उजवीकडे जातं. मावशी इतकी वर्षं फक्त मागे उभी राहून “ये, ये, ये, थांब!” म्हणायची. आज थांबवायला मागे कोणी नव्हतं.

पहिल्यांदा ती झुडपात गेली. मग पाण्याच्या नळाकडे. मग थेट आमच्याकडे.

बाबा उठले. “म्युरिअल, मी घेऊ का जरा?”

“छानच की!” ती काचेतून ओरडली आणि गाडी पुढे घेतली.

बाबा खाली बसले. “नको म्हणतेय,” ते आईला म्हणाले.

चहाची किटली दुसऱ्यांदा भरावी लागली, पण लागली एकदाची कॅराव्हॅन जागेवर. थोडी तिरकी. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी पद्धत नाही. फक्त एकजण म्हणाला, “आज वारा आहे ना,” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग तिचा संसार सुरू झाला. दोन बाकं, एक टेबल, मध्ये हातभर जागा. मेजर झोपला की दार उघडत नसे. सकाळी आतून संवाद ऐकू येत.

“मेजर, शेपूट! लोण्यात शेपूट! पिकल, तू हसू नकोस, माझा मोजा कुठाय? अगं, ती माझी उशी आहे. बरं, आपली उशी आहे. बरं बाई, तुझी.”

मी पाव द्यायला गेले की ती दारात उभी, केसांत कुत्र्याचे केस, चेहरा लालेलाल. “काय सांगू पोरी, पाय ठेवायला जागा नाही,” असं ती जे म्हणायची, ते तक्रारीच्या सुरात नव्हे. घरी पाहुणे उतरल्यावर बायका म्हणतात तसं.

बुधवारी दुपारी चकचकीत गाडीतून क्लाइव्ह आला. तिचा मुलगा. दक्षिणेत राहतो, विक्रीखात्यात आहे. सोबत एक गोड जोडपं, टॉपलिस आडनावाचं.

“आई, हे कॅराव्हॅन बघायला आलेत.”

“बघायला?”

“विकत घ्यायला! नाताळात बोललो नव्हतो का? तुला एकटीला झेपत नाही, विकून टाकू. तू म्हणालीस, कल्पना वाईट नाही.”

कुंपणाच्या अलीकडे बाबांच्या घशात बिस्किट अडकलं. दक्षिणेत राहून पोरगं मातृभाषा विसरलं होतं!

मावशी हसली. तिचं ते वाढप्याचं हसू. “या ना, बसा. चहा ठेवते.”

पाहुण्यांसमोर भांडायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. त्यामुळे तिने दुसरी लढाई सुरू केली.

“छत जरा गळतं हं पावसात,” केक कापत ती म्हणाली.

“आमचं तर घरच गळतं!” मिसेस टॉपलिस म्हणाल्या.

“कुत्र्यांचा वास बसलाय सगळ्यात.”

“आहाहा, आम्हाला कुत्री फार आवडतात. हा मोठा कोण? अरे माझ्या राजा!”

“चावते ती, छोटी.”

“चावूच दे!”

क्लाइव्ह खुशीत होता. “बघ आई, अगदी चांगल्या घरी जातेय.” जणू मुलगीच देत होते.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणावर टॉवेल वाळत घालत होते. तो केव्हाच वाळला होता. ती नजर मी विसरणार नाही. शब्द ओठांपर्यंत येत होता आणि केकबरोबर परत आत जात होता.

तेवढ्यात मिस्टर टॉपलिसनी खिशातून चष्मा काढला. “मग ठरलं म्हणायचं. आम्ही उद्या सकाळी बँकेत जाऊन...”

कुत्री बांधली होती कॅराव्हॅनच्या दारापुढे ताणलेल्या कापडी पडवीच्या खांबाला.

पुढचं इतक्या झटपट झालं, की मला क्रम सांगता येणार नाही. खांब निघाला. पडवी एका मोठ्या निःश्वासासारखी खाली बसली, पाहुणे, चहा, केक सगळ्यांवर. पिकल खांबासकट उताराने समुद्राकडे, मेजर तिच्यामागे आणि खांबाचं दुसरं टोक नळावरच्या माणसाच्या घोट्यावर.

“माफ करा!” तो माणूस कळवळून म्हणाला. लागलं त्याला, माफीही त्यानेच मागितली.

मला वाटलं, संपलं, आता टॉपलिस पळणार. कापडाखालून मिस्टर टॉपलिस रांगत बाहेर आले, कपाळाला जॅम. आणि हसता हसता डोळे पुसत म्हणाले, “म्हणजे काय, या कॅराव्हॅनमध्ये जीव आहे! आता तर घेणारच!” त्यांनी हात पुढे केला.

तो हात हातात घेतला की सौदा पक्का. मावशीच्या एका हातात किटली होती, दुसरा मोकळा होता. हात मोकळा असताना समोरच्याचा हात तसाच ताटकळत ठेवणं आमच्याकडे मोठा गुन्हा. क्लाइव्ह हळूच म्हणाला, “आई...”

“नाही.”

इतकं बारीक, की आधी वाटलं दुसरंच कोणी बोललं.

“नाही,” ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. “माफ करा. पण नाही.”

“अगं, तूच म्हणालीस वाईट नाही!”

“अरे गाढवा, वाईट नाही म्हणजे वाईट!”

“मग तसं सांगायचं ना!”

“सांगितलं की! तुझ्या बापाला बरोबर कळलं असतं!”

क्लाइव्हने कोसळलेल्या पडवीकडे पाहिलं. मग म्हणाला, “पण आई, खरंच किती अडचण आहे इथे. कशी राहतेस तू?”

“हीच अडचण हवीय मला. घरी तिघांना तीन खोल्या आहेत, क्लाइव्ह. मेजर जिन्याखाली, पिकल दारात, मी स्वयंपाकघरात. दिवस दिवस कोणी कोणाला अडखळत नाही.”

मिसेस टॉपलिस म्हणाल्या, “माफ करा, आम्हीच...” मावशी म्हणाली, “छे, माफी मीच...” मिस्टर टॉपलिस म्हणाले, “अहो, चूक माझी...” हे बराच वेळ चाललं. तेवढ्यात कोणीतरी वाळूने माखलेली कुत्री आणून दिली, त्यांचीही माफी मागून झाली. टॉपलिस गेले ते उरलेला केक घेऊन. क्लाइव्ह मात्र थांबला, बाह्या सरसावून खांब ठोकायला. चुकीच्या बाजूने ठोकत होता.

“आई, असा बरोबर आहे?”

“नाही!”

“ओरडतेस काय?”

“ओरडत नाही रे. बघतेय, येतंय का.”

येत होतं. संध्याकाळपर्यंत ती ज्याला त्याला नाही म्हणत सुटली. मेजरला नाही, पिकलला नाही, हवा सुधारेल म्हणणाऱ्या शेजाऱ्याला नाही. बाबा कुंपणावरून म्हणाले, “म्युरिअल, मासे-चिप्स आणायला चाललोय. तुझ्यासाठी आणू का?”

“नाही!” ती ठणकावून म्हणाली. बाबा वळले, तशी त्यांच्यामागे धावली. “अरे, आण, आण! व्हिनेगर जास्त घाल. मला नुसतं म्हणून बघायचं होतं.”