फोटोला बांधलेला फेटा

माझे वडील इतिहासाचे प्राध्यापक होते आणि पक्षाचे सभासद. पहिली गोष्ट पोटापाण्याची होती, दुसरी इच्छेची. कोल्हापुरातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी समाजवादाचा अभ्यासवर्ग भरे. तालुक्यांतून आलेले कार्यकर्ते सतरंजीवर बसून शेतसाऱ्याचा इतिहास ऐकत आणि मिसळीचा वास आला की खडबडून जागे होत. जाहीरनामा बाबा लिहीत, नेत्यांची भाषणे बाबा लिहीत आणि कुणी कार्यकर्ता गेला की शोकसभेत बाबाच बोलत. प्रचाराच्या जीपमध्ये मात्र ते मागे, कर्ण्याच्या पेटीला टेकून, झेंड्यांच्या काठ्या गुडघ्यांत धरून बसत.

"पक्षाला तुमचं डोकं हवंय, तोंड नको," आई म्हणे. बाबा हसत. त्यांना ती थट्टा वाटे.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पक्षाकडे काही मागितले: विधानसभेची उमेदवारी. पक्षाचे नेते, ज्यांना सगळे आबा म्हणत, आमच्या घरी येऊन चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "ह्या बारीला सरच. ठरलं की. मलकापूरकडच्या सभेत जाहीर करून टाकू." त्यांचा पुतण्या शेजारीच बसला होता. उमेदवारी त्यालाही हवी होती. त्याने दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले.

ती सभा म्हणजे पक्षाचा दरवर्षीचा रिवाज होता. मलकापूरच्या पुढे एका गावात एका शेतकऱ्याने स्वातंत्र्याच्या चळवळीत सरकारी चावडी जाळली, असे सगळा भाग मानत असे. तो माणूस मरून बरीच वर्षे झाली होती. त्याची म्हातारी विधवा दरवर्षी मंचावर नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन बसे आणि आबा त्या फोटोच्या चौकटीला तांबडा फेटा बांधत. मग नारळ, मग टाळ्या, मग भाषणे. त्या पट्ट्यातला पक्ष या फेट्यावर उभा होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

अडचण एवढीच होती की चावडी त्याने जाळलेली नव्हती. त्या भागातल्या चळवळीचा अभ्यास करताना बाबांना हे कळले होते. चावडी जळाली त्या रात्री तो माणूस संस्थानच्या तुरुंगात होता. भावकीच्या भांडणात चुलतभावाची गवताची गंजी पेटवल्याबद्दल. बायकोला मात्र त्याने चावडीसाठीच आत गेलो होतो, असे सांगितले होते. त्याच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्याने आणि तुरुंगात त्याच्यासोबत असलेल्या दुसऱ्या एकाने, एकमेकांची गाठही न पडता, बाबांना एकच हकिकत सांगितली होती. बाबांनी ती फक्त आबांना सांगितली, आमच्या बैठकीत, माझ्यासमोर. आबांनी उठून बैठकीचे दार लोटले. "सर, ह्ये आपल्या दोघांतच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. बाबांनी मान डोलावली. कुणी विचारल्याखेरीज सांगणार नाही, असे ते म्हणाले. विचारले तर काय, हे आबांनी विचारले नाही. त्याची गरजही नव्हती. बाबांना ते वर्षानुवर्षे ओळखत होते.

सभेच्या दिवशी मी पुढच्या रांगेत बसले होते. फेटा बांधून झाला, नारळ देऊन झाला. बाबा माइकसमोर उभे राहिले. इस्त्रीचा नवा सदरा, खिशात घोषणेनंतरच्या भाषणाचा कागद. तेवढ्यात आबांचा पुतण्या म्हातारीच्या कोपराला धरून तिला उठवताना दिसला. "आजी, मनात हाय ते इचारून घ्या की सरांस्नी. सर काय खोटं बोलायचे न्हाईत."

म्हातारी फोटो छातीशी धरून उभी राहिली. "सर, गावात काय बाय बोलत्यात लोकं. तुमी शिकलेली मानसं. माज्या मालकानं चावडी जाळली, त्ये खरं का खोटं, एवडं सांगून टाका. म्हंजी त्यांची तोंडं बंद हुतील."

मी आबांकडे पाहिले. ते नारळाची शेंडी सोलत होते.

ज्याचा निष्कर्ष आधीच ठाऊक असतो त्याला प्रयोग म्हणत नाहीत, प्रात्यक्षिक म्हणतात. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्याच आठवड्यात हे शिकवले होते.

बाबांना "हो" म्हणता आले असते. "आजी, बसा" म्हणूनही वेळ मारून नेता आली असती. पण त्यांनी तो प्रश्न वर्गातला समजला आणि वर्गातल्यासारखे उत्तर दिले. उपलब्ध पुराव्यानुसार त्या रात्री ते तुरुंगात होते, असे ते म्हणाले. कशासाठी होते, हेही त्यांनी सांगितले. त्यापुढे, सामान्य माणसाला नायक करण्याची समाजाला गरज का भासते, यावर ते चार मोलाची वाक्ये बोलले. ती कुणीही ऐकली नाहीत.

"मग मी इतकी वर्सं कुनाचा फोटू पुजला, सर?" म्हातारीने विचारले.

तिने चौकटीवरचा फेटा सोडला, नीट घडी घातली आणि माइकच्या पायाशी ठेवला. पुतण्याने धावत येऊन माइक ओढला. "सरांचं बोलनं ह्ये पक्षाचं बोलनं न्हवं! आजी आमची आई हाय!" गाव उठले. मागून चप्पल आली. ती बाबांना न लागता कर्ण्याला लागली आणि मोठा आवाज झाला.

परतताना रस्त्यावरून जोतिबाचा डोंगर दिसू लागला तेव्हा पुढच्या सीटवरून आबा म्हणाले, "सर, तुमी देवमानूस. पर देवाला डोंगर असतोय, मतदारसंघ नसतोय." जीपमधले सगळे हसले. बाबाही हसले. उमेदवारी पुतण्याला मिळाली आणि बाबांनीच लिहिलेल्या जाहीरनाम्यावर तो निवडून आला. अभ्यासवर्ग दुसरीकडे हलवला गेला. त्यानंतर कितीतरी रविवारी बाबा सतरंजी अंथरत आणि आई ती गुंडाळून ठेवी. म्हातारी त्यानंतर कुठल्याच सभेला आली नाही. तिच्या दारावरून जाताना पोरे "गंजी, गंजी" असे ओरडतात, हे आम्हाला मागाहून कळले. बाबांना ते कळले तेव्हा ते जेवत होते. त्यांनी जेवण पूर्ण केले.

पुढे काही वर्षांनी, मी विद्यापीठात संशोधन करत असताना, म्हातारी वारली. आबांचा फोन आला. "सर, शोकसभा हाय. तुमच्याबिगर कोन बोलनार?" फोन ठेवल्यावर बाबांनी सदरा इस्त्रीला टाकला. मला सुटी होती, मीही गेले.

मंचावर दोन फोटो होते, तिचा आणि त्याचा. बाबा उभे राहिले आणि कागदाशिवाय बोलले. चावडीला आग कुठल्या दाराने लावली, रॉकेल कुठून आणले, पहाटे तो घरी आला तेव्हा तिने त्याच्या हातावरचे फोड कसे पाहिले, हे सगळे त्यांनी सांगितले. इतके बारकावे कुठल्याही साक्षीदाराने कधी दिले नव्हते. बाया पदराने डोळे पुसत होत्या. "सर, फेटा आज तुमच्या हातानं," आबा म्हणाले. बाबांना फेटा बांधता येत नव्हता. आबांनी एक टोक धरले, बाबांनी वेढे दिले.

निघताना जीपमध्ये पुतण्या, आता आमदार, मागच्या सीटवर सरकला. "सर, फुडं बसा."

घरी आल्यावर मी विचारले, "बाबा, त्या रात्री तो माणूस कुठे होता?"

"तुरुंगात," त्यांनी चष्मा पुसत तत्काळ सांगितले.

"मग?"

"आता ती ऐकायला कुठे आहे?" ते म्हणाले, आणि आईला हाक मारून सांगितले की रविवारी आपल्याकडे अभ्यासवर्ग आहे, मिसळ जास्त लागेल.